हो, नाही, सांगता येत नाही

कडूबाई ढाकणेचं नाव माझ्या यादीत एकतिसावं होतं. १९७३ सालच्या त्या यादीत एकूण अठ्ठेचाळीस नावं होती, सगळी नगरच्या एका बालगृहात मुलं ठेवलेल्या आईबापांची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि पुण्याच्या एका समाजशास्त्राच्या संस्थेत संशोधन सहायक होते. आई किंवा बाप हयात असताना मुलं संस्थेत का येतात, हे आम्ही शोधत होतो. त्यासाठी चौदा पानांची प्रश्नावली तयार झाली होती आणि ती घेऊन गावोगाव फिरायचं काम माझं होतं. बाकीच्या सत्तेचाळीस जणांचे चेहरे आता मला नीट आठवत नाहीत. कडूबाईचं मात्र सगळं आठवतं, कारण तिच्या बाबतीत मी चूक केली आणि ती चूक दुरुस्त करून घ्यायला तीच पुण्यापर्यंत आली.

मुलाखतीआधीचं आणि मी हजर नव्हते तेव्हाचं जे सांगते आहे, ते तिनंच मला पुढच्या काही भेटींत सांगितलं.

पाथर्डीच्या पलीकडे, बालाघाटाच्या उतारावर धामणवाडी नावाची वस्ती आहे. तिथे कडूबाईच्या नवऱ्याची, सहादेवची, भावाबरोबर सामाईक तीन एकर मुरमाड जमीन होती. पाऊसकाळ संपला की सहादेव आणि कडूबाई बैलगाडी घेऊन राहुरीच्या बाजूला ऊसतोडीला जायची. १९७२ च्या जानेवारीत भरलेली गाडी पाटाच्या उतारावर उलटली आणि सहादेव खाली सापडला. कडूबाई तेव्हा सव्वीस वर्षांची होती. पदरात दोन मुली. थोरली लंका सात वर्षांची, धाकटी बनू तीन वर्षांची.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. दिवाळीच्या आधीच गावातल्या बहुतेक बायका रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. कडूबाईही त्यांत होती. लंका दिवसभर ढिगाच्या कडेला बसून बनूला सांभाळायची. कामावर वाटायला यायची ती सुकडीची पौष्टिक भुकटी लंका आधी बनूला भरवायची आणि उरलीच तर स्वतः खायची. हे आईच्या लक्षात यायला उशीर झाला. देवी टोचायला आलेल्या डॉक्टरांनी एक दिवस लंकाच्या नडगीवर अंगठा दाबला. तिथे खळगा पडला आणि तो लवकर भरून आलाच नाही.

"ही सूज पाण्याची आहे," डॉक्टर म्हणाले. "हिला पोटभर आणि नीट खायला मिळालं पाहिजे. नाहीतर पुढच्या खेपेला मला ही दिसायची नाही."

त्या दिवसापासून कडूबाईच्या जिवाला घोर लागला. गावचे शिक्षक गोरक्षनाथ गुरुजी यांनी तिला नगरच्या बालगृहाचं सांगितलं. तिथे दोन वेळचं जेवण होतं, शाळा होती, आजारी पडलं तर औषध होतं. फक्त पाच वर्षांपुढचीच मुलं घेत.

"म्हंजी बनूला घेनार न्हाईत?"

"नाही. लंकाला घेतील."

पुढे एकदा कडूबाई मला म्हणाली होती, "ताई, खरं सांगते, मला बरं वाटलं. दोघींतली कोन ते मला ठरवावं लागलं न्हाई." पण लंकाला तो नियम कुणी सांगितला नव्हता. तिला इतकंच दिसलं की आईनं तिला नगरला सोडलं आणि बनूला कडेवर घेऊन परत गेली.

बालगृहात कडूबाईनं दोन कागदांवर अंगठा दिला. त्यावर काय आहे हे तिनं विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. कामावर परतल्यावर शेजारी बसून खडी फोडणाऱ्या रंगुबाईनं तिला विचारलं, "कागद वाचून दावला का?"

"न्हाई."

"मंग कसा दिला अंगठा? माझ्या माहेरच्या एकीची पोर अशीच ठिवली हुती. मोटारीतनं नवरा-बायको आले आन् घेऊन गेले. कुठं गेली, पत्त्या न्हाई. अंगठा दिला म्हंजी पोर सरकारची."

हे खरं होतं की रंगुबाईनं कुठून ऐकलेलं, कोण जाणे. पण कडूबाईच्या मनात ते जे बसलं, ते उठलं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन ते चार भेटीची वेळ असे. डिसेंबरात ती गेली तेव्हा लंकाच्या पायांची सूज उतरली होती. केस बारीक कापले होते, अंगात निळा फ्रॉक होता. कडूबाईनं आधी खाली बसून तिची नडगी दाबून पाहिली. मग तिला जवळ घेतलं.

"आई, इथं आम्हाला रोज अंघोळ घालतात," लंका म्हणाली.

आजवर ती 'आये' म्हणत आली होती. सूज उतरली म्हणून कडूबाई आनंदात परत निघाली खरी, पण घरी पोचेपर्यंत तो एकच शब्द तिला टोचत राहिला. महिन्याभरात 'आये'ची 'आई' झाली, तर वर्षभरात काय होईल?

जानेवारीत एस.टी. करंजीच्या घाटात बंद पडली. कडूबाई फाटकाशी पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. आतून मुलींची प्रार्थना ऐकू येत होती आणि त्यात लंकाचा आवाज कुठला हे ती ओळखू पाहत होती. ओळखता आला नाही. फेब्रुवारीत ती सकाळीच जाऊन फाटकाशी बसली. लंका बाहेर आली, शेजारी बसली, विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं.

"मागल्या येळी आल्ते गं मी. गाडी मोडली."

"वहीत तू आली नाहीस असं लिहिलंय," लंका म्हणाली.

आणि मग त्याच महिन्याच्या शेवटी आमच्या संस्थेचं छापील कार्ड धामणवाडीला पोचलं. त्यातला मजकूर मीच लिहिला होता. 'आपल्या मुलीसंबंधी माहिती घेण्यासाठी आमचे प्रतिनिधी दि. १४ मार्च रोजी आपल्या घरी येतील. कृपया सहकार्य करावे.' अठ्ठेचाळीस कार्डं मी एका दुपारी हातावेगळी केली होती. ते कार्ड वाचून कुणाची झोप उडेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

गुरुजींनी ते तिला दोनदा वाचून दाखवलं.

"कशापायी येनार?"

"माहिती घ्यायला असं लिहिलंय."

"म्हंजी घर बगायला?"

गुरुजींनाही नक्की माहीत नव्हतं. ते म्हणाले, "बघत असतील, पोर परत द्यायची की नाही ते ठरवायला."

त्यानंतरचे पंधरा दिवस कडूबाईनं कसे काढले ते ती सांगायची तेव्हा मला मान वर करता येत नसे. तिला परीक्षा द्यायची होती आणि बरोबर उत्तर कोणतं हेच तिला कळत नव्हतं. घरात काही नाही असं दाखवलं, तर ही बाई पोरीला काय सांभाळणार म्हणून लंका कायमची जाणार. घर भरलेलं दाखवलं, तर खातीपिती असून पोर सरकारच्या अन्नावर घातली म्हणून लंकाला उद्याच हाकलून देणार. आणि ती आत्ता घरी आली तर तिचे पाय पुन्हा सुजणार.

दीर भीमा म्हणाला, "चांगलं दाव. अब्रूचा सवाल हाय."

रंगुबाई म्हणाली, "फाटकं नेस आन् रड."

तिनं दोघांचंही ऐकलं. कणगीत भुसा भरला आणि वर शेजारून आणलेल्या दोन पायल्या ज्वारीचा थर दिला. उतरंडीला उसनी भांडी लावली. भुई सारवली. आणि स्वतः मात्र सगळ्यांत फाटकं लुगडं नेसून बसली. बनूला शिकवून ठेवलं की बाईनं काय खाल्लं म्हणून विचारलं तर 'भाकर आन् डाळ' म्हणायचं.

मी पोचले तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. पाथर्डीहून एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि पुढे गुरुजींबरोबर तासभर पायी. त्या दिवशीची ती दुसरी मुलाखत होती आणि फाट्यावरून परतीची गाडी तीन वाजता होती. कडूबाई दारात उभी होती. तिनं मला पाणी दिलं. त्या साली पाणी देणं म्हणजे काय होतं हे मला कळत होतं, म्हणून मी दोन घोटच घेतले.

मी बनूला जवळ बोलावून विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"भाकर आन् डाळ," बनू म्हणाली.

गुरुजी हसले. कडूबाई हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला तेव्हा ती लाजली असं वाटलं.

प्रश्नावली सुरू झाली. कुटुंबात माणसं किती, जमीन किती, चूल दिवसातून किती वेळा पेटते. कडूबाई उत्तर द्यायची, माझ्या पेनाकडे बघायची आणि उत्तर बदलायची.

"दोनदा पेटती."

मी लिहायला लागले.

"न्हाई, म्हंजी कवा कवा एकदाच."

मी खोडलं.

"पन पोटापुरतं आसतं."

तासाभरानं माझी चिडचिड व्हायला लागली. पत्र्याखाली घाम निथळत होता. या बाईला खरं सांगायचं नाही, असं मी समासात बारीक अक्षरात लिहूनही ठेवलं. अजून आहे तो शेरा त्या कागदावर.

एक्केचाळिसावा प्रश्न होता, 'मुलीला परत घरी नेण्याची इच्छा आहे काय?' त्यापुढे तीन चौकटी होत्या. हो. नाही. सांगता येत नाही.

मी प्रश्न वाचला. कडूबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग कणगीकडे पाहिलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. अर्धं मिनिट गेलं असेल. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की उत्तर देणारा गप्प राहिला तर दामटू नये, तिसऱ्या चौकटीत खूण करून पुढे जावं. मी घड्याळ पाहिलं. पावणेदोन झाले होते. मी तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि बेचाळिसावा प्रश्न विचारला.

निघताना तिनं विचारलं, "ताई, मंग काय ठरलं?"

"ठरायचं काही नाही. ही नुसती माहिती आहे. यावर काही होणार नाही."

मला ते खरंच वाटत होतं. तिला मात्र ते पटलं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

झालं असं, की बालगृहाच्या अधीक्षक कर्णिकबाई यांनी आम्हाला पालकांची नावं दिली होती, बसायला टेबल दिलं होतं. जाता जाता त्यांनी म्हटलं होतं, तुमच्या माहितीचा थोडा उपयोग आम्हालाही होऊ द्या. आमच्या संचालकांनी हो म्हटलं. मार्चअखेर मी स्वतः एक तक्ता टंकलिखित करून त्यांना पाठवला. मुलीचं नाव, पालक कोण, भेटी किती, घरी नेण्याची इच्छा. लंका सहादेव ढाकणे हिच्यापुढे मी 'सांगता येत नाही' असं टाइप केलं. माझ्या दृष्टीनं ते एक सौजन्य होतं.

मार्चची भेट बनूच्या तापामुळे हुकली होती. एप्रिलच्या पहिल्या रविवारी कडूबाई बनूला घेऊन नगरला गेली, तेव्हा कर्णिकबाईंनी तिला आत बोलावलं. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. चाळीस मुलींच्या जागेत त्यांच्याकडे तेव्हा बहात्तर मुली होत्या.

"कडूबाई, जूनपासून अकरा मुली आम्ही सोलापूरकडच्या एका संस्थेत पाठवतो आहोत. इथं जागा नाही. ज्यांच्या पालकांचा न्यायचा विचार दिसत नाही त्या मुली. लंकाचं नाव त्यात आहे."

"मी कवा म्हनले न्यायची न्हाई?"

"पुण्याच्या ताई आल्या होत्या ना, त्यांना तुम्ही सांगितलंत, सांगता येत नाही म्हणून. आणि भेटीच्या वहीत दोन गैरहजेऱ्या आहेत."

"मी त्येंना काईच सांगितलं न्हाई, बाई. मी गप बसले हुते."

"तेच लिहिलंय मग."

"आता सांगते. मला न्यायचीय माझी पोर."

"आज नेता?"

कडूबाईनं बनूला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "आज कुठं नेऊ? पावसाचं बगून नेते."

कर्णिकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं तोंडी मी धरू शकत नाही. त्यांच्या तक्त्यात चूक असेल तर त्यांच्याकडून तसं लेखी येऊ दे. मे संपायच्या आत."

त्या दिवशी तिनं लंकाची भेट घेतली, पण तिला काही सांगितलं नाही. बाहेर पडून ती माळीवाड्याच्या स्टँडवर आली आणि धामणवाडीकडे जाणारी गाडी सोडून पुण्याच्या गाडीत बसली. पुणे तिनं पाहिलेलं नव्हतं. आमचं ते छापील कार्ड तिच्याजवळ होतं. गुरुजींनी दिल्यापासून ते तिनं कमरेच्या पिशवीतच ठेवलं होतं. वाटेत ती ते कार्ड दिसेल त्याला दाखवत गेली. रविवारी संस्था बंद म्हणून मायलेकी रात्रभर स्टँडवरच राहिल्या.

सोमवारी सकाळी आमचा शिपाई श्रीमंत मला म्हणाला, "ताई, पायरीवर एक बाई बसलीय. तुमचं कार्ड घेऊन आलीय."

मी तिला ओळखलं नाही. ओळखलं ते बनूला.

कडूबाईनं नमस्कार केला नाही की रडली नाही. तिनं एका दमात सगळं सांगितलं, कर्णिकबाईंचं बोलणं, सोलापूर, मे महिना. मग म्हणाली, "तुमी म्हनला हुता, यावर काई हुनार न्हाई."

मी फाइल काढली. एकतीस नंबरची प्रश्नावली तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"कुठं हाय ते?"

मी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. तिनं वाकून ती खूण पाहिली. निळ्या शाईची एक बारीक तिरकी रेघ होती ती.

"एवढंच?"

"हो."

"त्या येळी मी गप का बसले, इचारलं न्हाई तुमी," ती म्हणाली. "हो म्हनले असते तर तुमी म्हनला असता, आजच घेऊन जा. घरात काय हुतं? कनगीत भुसा हुता, ताई. वरली जवारी शेजारची. आन् न्हाई म्हनले असते तर पोर गेली. मंग मी काय बोलू? पाऊस पडल्यावर, असं न्हवतं का तुमच्या कागदावर?"

नव्हतं. चौदा पानांत ते कुठेच नव्हतं.  मी म्हटलं, "मी लिहून देते."

संचालकांकडे गेले तर ते आधी म्हणाले की घेतलेलं उत्तर मागाहून बदलायचं नसतं, नाहीतर अभ्यासाला अर्थ राहत नाही. मी त्यांना म्हटलं की ते उत्तर तिचं नाहीच, माझं आहे.  मग ते म्हणाले, "तो तक्ता आपण पाठवायलाच नको होता. माझी चूक आहे." त्यांनी लागलीच पत्र तयार करवलं. त्यात लिहिलं होतं की सदर माहिती केवळ अभ्यासासाठी असून तिच्या आधारे कोणत्याही मुलीबाबत निर्णय घेऊ नये, आणि लंकाच्या आईनं मुलीला नेण्याची स्पष्ट इच्छा सांगितली आहे. ते पत्र घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मी, कडूबाई आणि बनू नगरच्या गाडीत बसलो.  चार तासांच्या प्रवासात हातातलं पाकीट कडूबाईनं मला धरू दिलं नाही. ते तिच्याच मुठीत होतं, घामानं त्याचा एक कोपरा ओला झाला होता.

कर्णिकबाईंनी पत्र वाचलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मला जागा पाहिजे, ती काही या पत्रानं होत नाही. रोज कुणीतरी दारात पोर आणून सोडतं. कडूबाई, कधी न्याल ते सांगा. तारीख सांगा."

"पावसाची तारीख मी कशी सांगू, बाई?"

 मग कडूबाईच पुढे म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

"एक इचारते. दर पोरीमागं सरकार तुमाला काय तरी देतं म्हनं. त्यातलं निम्मं मला द्या. मी आत्ता नेते. दोघींला सांभाळते. जागा बी मोकळी हुईल तुमची."

 मला वाटलं, कर्णिकबाई रागावतील. त्या इतकंच म्हणाल्या, "तशी तरतूद नाही."

"का न्हाई?"

"आई गरीब आहे म्हणून पोरीला आम्ही घ्यायचं, एवढंच माझ्या हातात आहे. आईला द्यायचं माझ्या हातात नाही."

त्यांनी यादी काढली आणि पेन्सिलीनं लंकाच्या नावावर रेघ मारली. बाजूला लिहिलं, ३० जूनपर्यंत. "त्या दिवसापर्यंत तलाठ्याचा दाखला आणा, सांभाळू शकता म्हणून. नाही आणलात तर मला दुसरा मार्ग नाही."

ते तीन महिने मी पुण्यात होते आणि ती खडीवर. माझ्या मनातून ते जात नव्हतं. मी गुरुजींना दोन पत्रं लिहिली. त्यांचं उत्तर यायचं, 'अद्याप पाऊस नाही. कडूबाई रोज वर बघते.' तलाठी दाखला देईना. तो म्हणे, दुष्काळी कामावरच्या बाईला सांभाळू शकते असा दाखला दिला तर उद्या मलाच जाब विचारतील. शेवटी भीमानं, तिच्या दिरानं, त्याच्यापुढे जाऊन सांगितलं की दोन्ही पोरींचं मी बघतो, माझ्या नावावर लिहा. घरात त्याच्या बायकोनं त्यावरून आठ दिवस अबोला धरला. पण दाखला मिळाला.

तीस जूनला सकाळी कडूबाई बालगृहात पोचली. पाऊस तोवर तुरळकच झाला होता, पेरणी व्हायची होती. घरात काहीच बदललेलं नव्हतं. तिनं लंकाला बाहेर आणलं ते फक्त तारीख संपत होती म्हणून.

गाडीत लंका खिडकीशी बसली. करंजीच्या घाटात तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "बनूला का नाही ठेवलं तिथं?"

"ती ल्हान हुती. घेत न्हाईत तसली. नेम हाय त्येंचा."

"आणि नेम नसता तर?"

"तेव्हा बी मला बोलता आलं न्हाई, ताई," कडूबाईनं मला सांगितलं. "नुसता तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला न्हाई, एवढंच."

पाऊस पुढे जुलैत झाला. पण पीक हातात यायला दिवाळी उजाडणार होती आणि तोवर खडीवरच भागवायचं होतं. लंका ताटातली अर्धी भाकरी गोधडीखाली लपवून ठेवायची. मुंग्या लागल्या तेव्हा आईला कळलं. ती रागावली नाही. ती रोज सकाळी, लंका उठायच्या आत, तिच्या नडगीवर अंगठा दाबून बघायची. असं तिनं बाजरी घरात येईपर्यंत, चार महिने केलं. खळगा पडला नाही.

१९७४ च्या जानेवारीत मी तिला परत भेटले, ते देवळाली प्रवरेला. दिवाळीनंतर ती दिरा-जावेबरोबर ऊसतोडीला गेल्याचं गुरुजींनी कळवलं होतं. आमचा अहवाल तोवर छापून झाला होता. 'निम्मं मला द्या' हे तिचं वाक्य मी शिफारशींत घालावं म्हणून खूप भांडले होते. संचालक म्हणाले, एका बाईच्या बोलण्यावरून शिफारस होत नाही. अखेर ते तळटिपेत गेलं. तिला हे सांगावं म्हणून मी गेले होते की नुसतं बघायला, मलाही माहीत नाही.

पाचटाच्या कोप्यांची, ऊसतोड्यांच्या झोपड्यांची, लांबच लांब ओळ होती. सकाळी नवाचा सुमार. कडूबाई कोयता घेऊन निघायच्या तयारीत होती. मला पाहून ती जागच्या जागी थांबली आणि तिची नजर आधी माझ्या हातांकडे गेली. माझ्या हातात कागद नव्हते.

"नुसती आले आहे," मी म्हटलं.

तिनं बसायला गोणपाट टाकलं. लंका चुलीशी होती. नऊ वर्षांची झाली होती, भाकऱ्या थापत होती. बनू तिला टेकून बसली होती. लंका आता पुन्हा 'आये' म्हणत होती, पण मधूनच 'हाय'च्या जागी एखादं 'आहे' तिच्या तोंडून निघायचं आणि ती स्वतःच दचकायची.

"शाळा?" मी विचारलं. विचारू नये असं ठरवून आले होते.

"सहा महिने हितं, सहा महिने तिकडं. साळंत घालायची तर कुठं तरी ठिवावी लागंल तिला," कडूबाई म्हणाली. "गुरुजी म्हनत्यात, माझ्या घरी ठिव. चांगला मानूस हाय. पन न्हाई ठिवायची आता. हे बी चुकीचं असंल, ताई. पन न्हाई ठिवायची."

लंका ऐकत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

मी तळटिपेचं सांगितलं. तुझं बोलणं पुस्तकात छापलंय, म्हटलं. कडूबाईनं विचारलं, "मंग देनार का, आईला?" मी नाही म्हटलं. अजून नाही. ती मान हलवून उठली. भीमानं गाडी जुंपली होती, बायका चढत होत्या. तिनं लंकाला पाण्याचं, बनूचं, विस्तवाचं सांगितलं, मग परत तेच सगळं पुन्हा सांगितलं आणि गाडीत जाऊन बसली. गाडी पाटाच्या कडेनं निघाली. ती कोप्यांकडे तोंड करून, मागच्या बाजूला बसली होती. वळणापर्यंत तिनं आमच्यावरची नजर हलवली नाही.

"रोज अशीच बघत जाते," लंका म्हणाली. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि बनूला जेवायला वाढलं. मग एक भाकरी माझ्यासमोर ठेवली आणि दुसरी स्वतः खायला घेतली.